कोर्टात पुरावा कशाला म्हणतात? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात साक्षी-पुराव्याबद्दल जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर अख्खं त्यालाच देतेय. सातपूर, दिंडोरी, निफाड, नाशिक रोड, सगळीकडून विचारणा आहे. उत्तरांआधी एकच सांगते कारण त्यावरून फार गोंधळ चाललाय. १८७२ चा पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झालाय, पण जी प्रकरणं त्या तारखेला आधीच चालू होती त्यांना जुनाच कायदा लागतो, त्यामुळे सध्या एकाच कोर्टात सकाळी जुना कायदा आणि दुपारी नवा असं चालू असतं आणि वकिलांच्या तोंडातही अजून जुनीच कलमं बसलेली आहेत. आकडे बदललेत, मुळातले नियम बरेचसे तेच आहेत, म्हणून कलमाचा आकडा लागेल तिथेच देते.

प्रश्न : मॅडम, दोन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीच्या गेटसमोर मारामारी झाली ती मी डोळ्यांनी पाहिली. पोलिसांनी माझा जबाब लिहून घेतला पण सही घेतली नाही. आता साक्षीचं समन्स आलंय आणि मला सगळं नीट आठवत नाही. थोडं इकडंतिकडं बोललो तर फितूर म्हणून आत टाकतील का? सरतपास, उलटतपास म्हणजे नक्की काय करतात? (एक कामगार, सातपूर)

दादा, आधी घाबरणं सोडा. सही घेतली नाही यात काही गडबड नाहीये. फिर्याद देणाऱ्याची फिर्यादीवर सही असते, पण तपास चालू असताना पोलीस साक्षीदाराचा जो जबाब लिहून घेतात त्यावर त्याची सही घ्यायचीच नाही असं कायदाच सांगतो. कारण तो जबाब पुरावा धरला जात नाही. तुमचा पुरावा म्हणजे तुम्ही पिंजऱ्यात उभं राहून, शपथ घेऊन, न्यायाधीशांसमोर जे सांगाल ते, आणि ते सांगून झाल्यावर समोरच्या वकिलाला तुम्हाला प्रश्न विचारता आले पाहिजेत. हे दोन्ही झालं तरच ते मोजलं जातं. आज ज्यांचे ज्यांचे प्रश्न आलेत त्या सगळ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं निम्मं सोपं होईल, की कोर्टात कुठल्याही कागदामागे, वस्तूमागे, व्हिडिओमागे एक माणूस उभा राहावा लागतो ज्याला प्रश्न विचारता येतात.

आता क्रम. आधी सरकारी वकील विचारतात, तो सरतपास. नाव, वय, धंदा, राहणार कुठे, मग त्या दिवशी काय पाहिलं. इथे त्यांना तुमच्या तोंडात उत्तर घालता येत नाही. ‘आरोपीने लोखंडी रॉडने मारलं ना?’ असं विचारलं की समोरचे वकील लगेच उठून हरकत घेतात, तो सूचक प्रश्न झाला. ‘कशाने मारलं?’ असंच विचारावं लागतं. मग आरोपीचे वकील उलटतपास घेतात, तिथे मात्र सूचक प्रश्न चालतात. उजेड किती होता, तुम्ही किती फुटांवर होतात, गर्दी होती का, आरोपीला आधीपासून ओळखत होतात का, असं सगळं येणार. त्यातून काही मुद्दा धूसर राहिला तर सरकारी वकील फेरतपासात तेवढ्यापुरतं विचारून घेतात.

उलटतपासाच्या शेवटी एक गोष्ट हमखास होते आणि साधी माणसं तिथेच चिडतात. वकील म्हणतात, ‘माझं म्हणणं आहे की तुम्ही त्या वेळी तिथे नव्हतातच’, ‘तुम्ही पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देताय’. हा तुमचा अपमान नाही, बचाव काय आहे ते साक्षीदाराला तोंडावर विचारावंच लागतं, नाही विचारलं तर नंतर त्यांनाच ते नडतं. तुम्ही शांतपणे ‘खोटं आहे’ एवढंच म्हणा. ते तुमच्या साक्षीत असं उतरतं : ‘हे म्हणणे खरे नाही की, मी घटनेच्या वेळी हजर नव्हतो.’ एका वाक्यात दोनदा नकार, वाचताना भलेभले अडखळतात, आणि टायपिंगमध्ये त्यातला एक ‘नाही’ गळाला की तुमचं उत्तर बरोब्बर उलटं होऊन बसतं. म्हणून साक्ष संपल्यावर वाचून दाखवतील किंवा सहीला देतील तेव्हा घाई करू नका, हीच वाक्यं बोट ठेवून वाचा, चूक दिसली तर तिथल्या तिथे न्यायाधीशांना सांगा. सही करून घरी आल्यावर सांगून काही उपयोग नाही.

आठवत नाही त्याचं काय? ‘आठवत नाही’ हेसुद्धा उत्तर आहे, आणि अंदाजाने ठोकून देण्यापेक्षा हजारपट चांगलं. साक्षीआधी सरकारी वकील जबाब वाचायला देतात, जरूर वाचा, पण पाठ करू नका, पाठ केलेली साक्ष दोन मिनिटांत कळते. आणि उलटतपासात ‘आज जबाब वाचला का’ असं विचारलं तर वाचला असेल तर वाचला म्हणा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तुमच्या जबाबात एक आणि तोंडी दुसरंच आलं तर बचावाचे वकील जबाबातला तेवढा भाग तुम्हाला दाखवतील, त्याला खूण होईल, आणि नंतर तपास अधिकारी साक्षीला आला की ‘साक्षीदाराने असं सांगितलं होतं का’ हे त्याला विचारलं जाईल. ही झाली विसंगती. वेळ दहा-पंधरा मिनिटं मागेपुढे झाली, शर्टाचा रंग चुकला, असल्या विसंगतीने कुणाची साक्ष बाद होत नाही.

फितूर ही गोष्टच वेगळी. ज्याने बोलावलं त्याच्याच विरोधात साक्षीदार गेला, ‘मी काही पाहिलंच नाही, पोलिसांनी मनाने लिहिलं’ असं म्हणायला लागला, तर सरकारी वकील कोर्टाची परवानगी घेऊन आपल्याच साक्षीदाराला उलटतपासासारखे प्रश्न विचारतात. रोजच्या बोलण्यात याला फितूर होणं म्हणतात. फितूर झाला म्हणून त्याची साक्ष पूर्ण पुसली जात नाही, त्यातला पटणारा भाग कोर्ट घेऊ शकतं. शिक्षा आहे ती जाणूनबुजून खोटं सांगण्याला, कोर्टात खोटी साक्ष दिली तर ७ वर्षांपर्यंत. विसरण्याला शिक्षा नाही. मात्र समन्स हातात पडूनही गेलाच नाहीत तर वॉरंट निघू शकतं, तेव्हा कंपनीत समन्सची कॉपी दाखवून रजा टाका आणि जा.

प्रश्न : ‘आरोपीने पोलिसांसमोर गुन्ह्याची कबुली दिली’ असं पेपरात येतं आणि पुढे तोच माणूस सुटतो. कबूल केल्यावर सुटतो कसा? (एक शिक्षिका, पंचवटी)

ताई, कारण पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध वाचताच येत नाही. पोलीस कोठडीत असताना दुसऱ्या कुणासमोर दिली तरी नाही, तिथे मॅजिस्ट्रेट प्रत्यक्ष हजर असले तरच. जुन्या कायद्यात ही २५ आणि २६ कलमं होती, आता दोन्ही नव्या २३ व्या कलमात आहेत. अनेकांना हा नियम म्हणजे गुन्हेगारांचे लाड वाटतात. मला अजिबात तसं वाटत नाही. बंद खोलीत चार जणांनी घेरलं की न केलेला गुन्हाही माणूस कबूल करतो, आणि तशी कबुली चालायला लागली तर तपास करायचे कष्ट कोण घेणार? हा नियम आहे म्हणून पोलिसांना बाहेर जाऊन पुरावा शोधावा लागतो.

त्याला एक अपवाद आहे आणि खुनाच्या खटल्यांमध्ये तो फार वापरला जातो. समजा कोठडीतला आरोपी दोन पंचांसमोर म्हणाला, ‘ज्या कोयत्याने मी त्याला मारलं तो मी मळ्यातल्या विहिरीशेजारी पुरलाय, चला दाखवतो.’ याचं लिखाण होतं, त्याला आमच्याकडे मेमोरंडम पंचनामा म्हणतात. मग तो पुढे, पंच आणि पोलीस मागे, आणि खरंच तिथून कोयता निघतो. आता त्या वाक्यातलं ‘कोयता अमुक जागी पुरलाय’ एवढंच कोर्ट वाचतं, म्हणजे ती वस्तू तिथे आहे हे याला माहीत होतं इतकंच सिद्ध होतं. ‘ज्याने मी त्याला मारलं’ हा तुकडा बाजूला. १९४६ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या लंडनच्या शेवटच्या अपील कोर्टाने, पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात ही रेघ आखून दिली आणि आजही निकालपत्रांत तिचाच दाखला देतात. त्यात जागा सगळ्यांना दिसणारी, येण्याजाण्याची असेल, कोयत्यावर रक्त मिळालं नसेल, किंवा पंच म्हणाला की मी पोलीस स्टेशनलाच सही केली, तर उरतं काय?

खरी कबुली नोंदवायची असेल तर मॅजिस्ट्रेटसमोर. तिथे आधी समजावून सांगतात की कबुली द्यायचं तुमच्यावर बंधन नाही आणि दिलीत तर ती तुमच्याविरुद्ध वापरली जाईल, आणि स्वखुशीने बोलतोय याची खात्री पटल्यावरच लिहून घेतात.

प्रश्न : माझं दुकान पोलीस चौकीजवळ आहे. सारखं ‘चला पंच म्हणून’ असं बोलावतात. नाही म्हणता येतं का? (एक दुकानदार, नाशिक रोड)

झडतीसाठी पोलिसांनी लेखी हुकूम दिला आणि सबळ कारण नसताना तुम्ही नकार दिलात तर तो गुन्हा होतो. कायद्याला त्या परिसरातली, निःपक्ष आणि प्रतिष्ठित अशी दोन किंवा जास्त माणसं हवी असतात. सारखा तोच तोच माणूस असला की बचावाचे वकील त्याला ‘पोलिसांचा नेहमीचा पंच’ म्हणून निकालात काढतात, हे तुम्ही पोलिसांना नम्रपणे सांगू शकता, त्यांच्याच केसच्या हिताचं आहे. गेलातच तर जागेवर जा, वस्तू काढताना, पाकीट सील करताना स्वतः बघा, लेबलवर सही तिथेच करा. कोऱ्या कागदावर किंवा आधीच लिहून ठेवलेल्या पंचनाम्यावर सही करू नका, कितीही ओळखीचे साहेब असोत. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याने झडती-जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण करायला सांगितलंय, मोबाइलवर का होईना, त्यामुळे आता पंच कुठे उभा होता तेही दिसणार. आणि झडतीच्या पंचाने कोर्टात यायलाच हवं असं नाही, खास समन्स आलं तरच जायचं.

प्रश्न : व्यापाऱ्याने बागेतून द्राक्षं नेली, निम्मे पैसे दिले. ‘बाकीचे चार लाख मार्चएंडला देतो’ असा त्याचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आहे, एक कॉलही रेकॉर्ड आहे. आता फोनच उचलत नाही. स्क्रीनशॉटच्या प्रिंटा काढून ठेवल्यात. चालतील ना? फोन जुना झालाय, बदलायचा विचार आहे. (एक बागायतदार, दिंडोरी तालुका)

काका, फोन बदला पण जुना विकू नका, एक्स्चेंजला देऊ नका, रिसेट तर मुळीच मारू नका. तो फोन म्हणजे मूळ पुरावा आणि प्रिंट म्हणजे त्याची नक्कल, नुसती प्रिंट जोडली तर समोरचा पहिल्याच तारखेला हरकत घेणार.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याची नक्कल द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. वकील त्याला अजून ‘पासष्ट ब चं सर्टिफिकेट’ म्हणतात, नव्या कायद्यात ते ६३ व्या कलमात गेलंय आणि त्याचा नमुना कायद्यालाच जोडलेला आहे. त्याचे दोन भाग. भाग अ तुम्ही भरायचा, की हा फोन माझा, माझ्या ताब्यात, नीट चालू होता आणि ही नक्कल त्यातूनच काढलीय. भाग ब तज्ज्ञाने भरायचा. दोन्हीकडे फाईलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश व्हॅल्यू म्हणजे फाईलच्या बोटांचा ठसा समजा, सॉफ्टवेअर फाईलवरून आकडे-अक्षरांची एक लांबलचक ओळ काढून देतं, आणि फाईलमधला एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ती ओळ पार बदलते. त्यामुळे आज दिलेली फाईल आणि दोन वर्षांनी कोर्टात उघडलेली फाईल तीच आहे का ते लगेच कळतं.

हे प्रमाणपत्र किती महत्त्वाचं ते सुप्रीम कोर्टाने आपल्या जालन्याच्याच एका प्रकरणात सांगितलंय. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात वाद होता, उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाला की दुपारी तीन वाजून गेल्यावर, हा मुद्दा, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण. वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिलं नव्हतं. जुलै २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला की नक्कल द्यायची तर प्रमाणपत्र हवंच, पण मूळ उपकरण घेऊन त्याचा मालक स्वतः साक्षीला उभा राहिला तर त्याची गरज नाही, आणि ज्याच्याकडे उपकरण आहे तो प्रमाणपत्र देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून मागवता येतं. तुमच्या बाबतीत फोन तुमचाच आहे म्हणजे पहिला रस्ता उघडाच आहे, तरी माझा सल्ला प्रमाणपत्रही तयार ठेवा, कारण तुमची साक्ष होईपर्यंत त्या जुन्या फोनची बॅटरी फुगून तो चालूच झाला नाही तर काय करणार?

रेकॉर्ड केलेला कॉलही चालतो, आर. एम. मलकानी खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९७२ सालीच टेपबाबत ते मान्य केलंय. आवाज कुणाचा ते ओळखता आलं पाहिजे, रेकॉर्डिंग कापाकापी न केलेलं पाहिजे आणि मुद्द्याशी संबंध पाहिजे. फाईल कट करून ‘महत्त्वाचा तेवढाच’ भाग ठेवायची सवय अनेकांना असते, कृपा करून तसं करू नका, सुरुवातीच्या रामराम-शामराम पासून अख्खी ठेवा.

एवढं करूनही तो म्हणेल, हा नंबरच माझा नाही. म्हणून मेसेजला टेकू लागतो. सौदा पावती, वजनकाट्याची पावती, गाडीचा नंबर, त्याच्या खात्यातून तुमच्या खात्यात आलेले आधीचे पैसे दाखवणारं बँक स्टेटमेंट, माल भरताना हजर असलेले मजूर किंवा शेजारचा बागायतदार. सिमकार्ड कुणाच्या नावावर ते कंपनीकडून कोर्टामार्फत मागवता येतं. आणि विकलेल्या मालाच्या पैशांचा दिवाणी दावा साधारण ३ वर्षांत लावावा लागतो, तो ‘देतो देतो’ म्हणतोय म्हणून दोन हंगाम थांबू नका.

प्रश्न : भाऊबंदकीच्या दाव्यात मी खरेदीखताची झेरॉक्स आणि सात-बारा दोन वर्षांपूर्वीच दाखल केलाय. आता वकील म्हणतात, कागद अजून ‘शाबित’ नाही, निशाणी पडली नाही. मग इतके दिवस तो फाईलमध्ये कसला पडून आहे? (एक शेतकरी, निफाड)

दाखल करणं आणि शाबित करणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि गावाकडची निम्मी भांडणं या दोन्हीत गल्लत केल्यानेच बिघडतात. यादीसोबत कागद दिला म्हणजे तो फाईलला लागला इतकंच. पुढे तुमच्या पुराव्याच्या वेळी तुम्ही शपथपत्रावर सरतपास देणार, त्यात त्या कागदाबद्दल सांगणार, कुणी लिहिला, कुणाची सही, ती ओळखणारं कोण, आणि मग कोर्ट त्याला निशाणी क्रमांक देतं. त्यानंतर निकालाच्या वेळी तो वाचला जातो. निशाणी पडली म्हणजे मजकूर खरा ठरला असंही नाही, त्यावर उलटतपास होणारच.

झेरॉक्स हा दुय्यम पुरावा. मूळ हरवलं, जळालं, किंवा समोरच्याच्याच ताब्यात आहे आणि नोटीस देऊनही तो काढत नाही, हे आधी दाखवल्याशिवाय झेरॉक्स वाचली जात नाही. पण तुमचं खरेदीखत नोंदणीकृत असेल तर झेरॉक्सच्या मागे लागूच नका, दुय्यम निबंधकांच्या ऑफिसातून प्रमाणित प्रत काढा, मजकूर सिद्ध करायला ती चालते. घरात पेट्या, ट्रंका पुन्हा एकदा शोधा. मूळ कागद सापडला, ३० वर्षांहून जुना निघाला आणि जिथे असायला हवा तिथेच होता असं दिसलं, तर त्यावरच्या सह्या खऱ्या धरून चालायची मुभा कोर्टाला आहे, सही करणारे-साक्षीदार कुणी हयात नसले तरी. जुन्या वाटपांच्या दाव्यात हे फार कामाला येतं.

सात-बाराचं मात्र स्पष्ट सांगते. महसूल संहितेच्या १५७ व्या कलमाने त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, पण तो मालकीचा दस्त नाही. फेरफाराने नाव लागलं म्हणून कुणी मालक होत नाही आणि तलाठ्याकडे नाव कमी झालं म्हणून तुमचा हिस्साही जात नाही.

प्रश्न : भाच्यावर चोरीची केस होती, प्रत्यक्ष पाहणारं कुणी नव्हतं. कोर्टाने ‘संशयाचा फायदा’ देऊन सोडलं. लोक म्हणतात, सुटला पण निर्दोष नाही. भरतीच्या फॉर्ममध्ये काय लिहायचं? (एक मामा, सिडको)

लोकांचं मनावर घेऊ नका. फौजदारी केसमध्ये गुन्हा वाजवी संशयाच्या पलीकडे सिद्ध करायची जबाबदारी पूर्ण सरकारची, आरोपीने काहीच सिद्ध करायचं नसतं. दिवाणी दाव्यात कुणाची बाजू जास्त शक्य वाटते एवढं पाहून निकाल होतो, इथे तसं चालत नाही, कारण इथे माणसाचं स्वातंत्र्य जातं. पाहणारं कुणी नसेल तर केस परिस्थितिजन्य पुराव्यावर उभी राहते. त्याच्या कसोट्या सुप्रीम कोर्टाने १९८४ साली शरद बिरधीचंद सारडा या पुण्याच्या खटल्यात घालून दिल्यात. प्रत्येक परिस्थिती आधी पक्की सिद्ध झाली पाहिजे, सगळ्यांची साखळी कुठेही तुटता कामा नये, आणि त्यातून आरोपीच दोषी याशिवाय दुसरा कुठला अर्थ निघता कामा नये. भाच्याच्या केसमध्ये साखळीतली कडी कुठेतरी निखळली, म्हणून तो सुटला. कायद्याने ती पूर्ण सुटका आहे, डोक्यावर अर्धवट शिक्का वगैरे काही राहत नाही.

भरतीचं मात्र वेगळं गणित आहे, विशेषतः पोलीस भरतीचं. तिथे नेमणूक करणारं खातं निकालपत्र वाचून सुटका कशी झाली ते बघू शकतं. पण लपवणं त्याहून वाईट, अवतार सिंग प्रकरणात २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की फॉर्ममध्ये विचारलेली माहिती खरीच द्यायची, आणि खोटी दिली तर झालेली नेमणूकही रद्द होऊ शकते. म्हणून ‘गुन्हा दाखल झाला होता का’ या रकान्यात ‘होय’ लिहा, गुन्हा नंबर, केस नंबर, निकालाची तारीख आणि ‘निर्दोष मुक्त’ असं लिहून निकालपत्राची सही-शिक्क्याची नक्कल जोडा. ज्या कोर्टात निकाल लागला तिथल्या नक्कल विभागात अर्ज द्यावा लागतो, भरतीची जाहिरात निघायची वाट न बघता आत्ताच दोन-तीन प्रती काढून घ्या.